जुन्या मोटरसायकलच्या इंजिनाची घरगुती पुनर्बांधणी

जुन्या मोटरसायकलचे इंजिन संपूर्ण सुटे करणे, त्याचा प्रत्येक भाग स्वच्छ करून तपासणे व मोजणे, झिजलेले भाग दुरुस्त करणे अथवा बदलणे आणि शेवटी सर्व भाग मूळ मोजमापांनुसार पुन्हा जुळवणे या प्रक्रियेस इंजिनाची पुनर्बांधणी असे म्हणतात. हे काम सामान्यतः अनुभवी मिस्त्रीच्या गॅरेजात होते. तथापि साधी, एका सिलिंडरची जुनी इंजिने वाहनाचा मालक घरीही उघडू व जुळवू शकतो. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यासाठी शारीरिक कौशल्यापेक्षा मोजमाप, नोंदी आणि संयम यांना अधिक महत्त्व असते. जुन्या इंजिनांचे अनेक मूळ भाग आता तयार होत नाहीत, त्यामुळे घाईत फुटलेला किंवा आटे गेलेला भाग पुन्हा मिळेलच याची खात्री नसते.

या लेखात रॉयल एनफिल्ड बुलेट ३५० या मोटरसायकलचे ओतीव लोखंडी सिलिंडर असलेले इंजिन उदाहरण म्हणून घेतले आहे. भारतात हे इंजिन अनेक दशके तयार होत होते आणि त्याची रचना घरगुती पुनर्बांधणीस सोयीची मानली जाते.

पार्श्वभूमी

रॉयल एनफिल्ड या नावाने पहिली मोटरसायकल इंग्लंडमधील रेडिच येथे १९०१ मध्ये तयार झाली. बुलेट हे नाव १९३० च्या दशकाच्या प्रारंभी वापरात आले, तर मागील चाकास झोके शोषणारी रचना असलेली युद्धोत्तर बुलेट १९४० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली. भारतीय लष्कराच्या मागणीनंतर १९५५ मध्ये मद्रास येथे एनफिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. प्रारंभी इंग्लंडहून आलेल्या सुट्या भागांची तेथे जुळणी होत असे. पुढे सर्व भाग भारतातच तयार होऊ लागले. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला, परंतु भारतात त्याच मूळ आराखड्याचे इंजिन पुढील चार दशके थोड्याफार फरकाने तयार होत राहिले. याच काळात म्हैसूर येथे जावा व येझदी, तर फरिदाबाद परिसरात राजदूत या मोटरसायकली तयार होत. त्यांची दोन धावांची इंजिने रचनेने आणखी साधी आहेत.

'व्हिंटेज' हा शब्द बोलण्यात कोणत्याही जुन्या वाहनास लावला जातो. ब्रिटनमधील मोटरसायकलप्रेमींच्या परंपरेत मात्र काटेकोर अर्थाने १९३० अखेरपर्यंतच्या वाहनांनाच हे विशेषण लावतात. भारतात केंद्र शासनाच्या २०२१ मधील नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेले दुचाकी किंवा चारचाकी वाहन व्हिंटेज गणले जाते.

इंजिनाची रचना

बुलेट ३५० चे इंजिन चार धावांचे, एका सिलिंडरचे व हवेने थंड होणारे आहे. सिलिंडरचा अंतर्व्यास ७० मि.मी. व धाव ९० मि.मी. असून त्यावरून आकारमान सुमारे ३४६ घन सें.मी. येते. या इंजिनाची शक्ती सुमारे १८ अश्वशक्ती इतकी आहे. सिलिंडर ओतीव लोखंडाचा, तर त्यावरील हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. इंधन व हवा आत घेणारा आणि जळालेला वायू बाहेर सोडणारा असे दोन व्हॉल्व्ह हेडमध्ये असतात. खाली क्रँककेसमध्ये असलेल्या कॅमची हालचाल पुशरॉड नावाच्या दोन दांड्यांमार्फत वर पोहोचते.

वंगणाची व्यवस्था हे या इंजिनाचे वैशिष्ट्य होय. तेलाची टाकी वेगळी नसून क्रँककेसच्याच ओतकामात मागील बाजूस तेलाचा कप्पा असतो. एक पंप त्या कप्प्यातील तेल बेअरिंगकडे ढकलतो आणि दुसरा पंप खाली साचलेले तेल उचलून पुन्हा कप्प्यात पाठवतो. परत नेणाऱ्या पंपाची क्षमता पुरवठा करणाऱ्या पंपापेक्षा अधिक ठेवलेली असते. गिअरपेटी इंजिनाच्या मागे स्वतंत्रपणे बसवलेली असल्यामुळे ती न उघडताही इंजिनाचे काम करता येते.

उघडण्यापूर्वीचे निदान

पुनर्बांधणीतील पहिला निर्णय इंजिन उघडावे की नाही हा असतो. अनेक इंजिने प्रत्यक्षात फक्त कार्बोरेटर, प्रज्वलन किंवा व्हॉल्व्हची जुळणी बिघडल्यामुळे नीट चालत नाहीत. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी पुढील लक्षणे तपासली जातात.

धुराचा रंग: निळसर धूर म्हणजे तेल जळत असल्याची खूण. काळा धूर इंधनाचे प्रमाण अधिक असल्याचे दर्शवतो आणि त्यावर उपाय बहुधा कार्बोरेटरमध्येच असतो. येथे बुलेटच्या मालकांची एक नेहमीची गफलत होते. गाडी अनेक आठवडे उभी राहिली की कप्प्यातील तेल पंपाच्या फटींतून हळूहळू खाली झिरपते व सुरू करताच निळा धूर निघतो. हा धूर काही मिनिटांत थांबत असेल, तर रिंगा झिजल्याच आहेत असे म्हणता येत नाही.

दाब: संक्षेप-दाब मोजण्याच्या मापकाने दाब कमी आढळल्यास प्लगच्या छिद्रातून थोडे इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दोष रिंगा व सिलिंडर यांत असतो. न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेडच्या गॅस्केटचा संशय घेतला जातो.

आवाज: इंजिन थंड असताना येणारी आणि तापल्यावर कमी होणारी टकटक पिस्टनच्या ढिलाईची असू शकते. भार पडताच खालून येणारा जड, खोल ठोका मात्र कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाच्या बेअरिंगचा असतो. तसे असल्यास इंजिन चालवणे त्वरित थांबवावे लागते.

तेल: काढलेल्या तेलात लोहचुंबक फिरवला असता पोलादी कण सापडतात. बेअरिंगचे मऊ धातू चुंबकास चिकटत नाहीत, म्हणून तेल पातळ कापडातून गाळून चकाकणारे कणही पाहतात.

अनेक वर्षे बंद असलेले इंजिन जाम झालेले असल्यास किकवर जोर देऊ नये. गंजामुळे अडकलेली रिंग सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पाडते. प्लगच्या छिद्रातून गंज सोडवणारे तेल टाकून काही दिवस थांबावे आणि मग गाडी गिअरमध्ये ठेवून मागील चाक हलकेच पुढे-मागे करून पाहावे.

जागा व साधने

कामास भरपूर उजेडाची, हवेशीर व पावसापासून सुरक्षित जागा लागते. तेथे काही आठवडे भाग न हलवता ठेवता आले पाहिजेत. ब्रिटिश आराखड्याच्या इंजिनांत आटे इंग्रजी पद्धतीचे असतात. बुलेटच्या भारतीय आवृत्त्यांतही यांपैकी बरेच आटे कायम राहिले. मेट्रिक पाना त्यांच्यावर जवळजवळ बसतो, पण नीट बसत नाही आणि नटाचे कोपरे गोल होतात. म्हणून व्हिटवर्थ मापाचे पाने स्वतंत्रपणे घ्यावे लागतात.

याशिवाय टॉर्क पाना, फीलर गेज, व्हर्नियर कॅलिपर, मायक्रोमीटर, व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबणारे साधन आणि क्लच व दंतचक्रे ओढून काढणारे पुलर आवश्यक असतात. पुलर नसताना छिन्नी-हातोडीने दंतचक्र ठोकून काढल्यास शाफ्ट वाकतो किंवा क्रँककेसला तडा जातो. त्या मॉडेलची कारखान्याने छापलेली दुरुस्ती-पुस्तिका आणि सुट्या भागांची सूची हे यांतील सर्वांत उपयुक्त साहित्य होय.

इंजिन सुटे करणे

काढण्याच्या प्रत्येक टप्प्यावर छायाचित्र घेणे व प्रत्येक गटाचे नट-बोल्ट वेगळ्या, नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवणे ही प्रथा आहे. क्रँककेसचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. म्हणून पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून त्या त्या जागी स्क्रू खोचून ठेवतात. लांब स्क्रू आखूड छिद्रात घातला तर ॲल्युमिनियमचे आटे फुटतात. पुनर्बांधणीनंतर तेल गळण्यामागे अनेकदा हेच कारण असते.

क्रम साधारण असा असतो: तेल काढणे, कार्बोरेटर व सायलेन्सर काढणे, रॉकर व पुशरॉड काढणे, हेड उचलणे, सिलिंडर उचलणे, पिस्टन काढणे, मग डाव्या बाजूची प्राथमिक साखळी व क्लच, उजव्या बाजूची टायमिंग चक्रे आणि शेवटी क्रँककेसचे दोन भाग वेगळे करणे. दोन्ही पुशरॉड व दोन्ही व्हॉल्व्ह यांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांवर लगेच खूण करतात, कारण प्रत्येक भाग आपल्या जोडीदाराशी झिजून बसलेला असतो.

नवशिक्याकडून वारंवार होणाऱ्या दोन चुका या टप्प्यावर टाळता येतात. सिलिंडर पूर्ण उचलण्याआधी क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबावे लागते. अन्यथा पिस्टन-पिन अडवणारी बारीक वळी किंवा तुटलेल्या रिंगेचा तुकडा आत पडतो व तो काढण्यासाठी संपूर्ण खालचा भाग उघडावा लागतो. दुसरी चूक आट्यांच्या दिशेची असते. बुलेटच्या टायमिंग बाजूस तेलपंप फिरवणारा, मळसूत्री दात असलेला नट उलट्या आट्यांचा असतो. तो नेहमीच्या दिशेने सोडवू पाहिल्यास अधिकच आवळला जातो आणि शेवटी तुटतो.

क्रँककेसमधील जुनी बेअरिंगे ठोकून काढण्याऐवजी क्रँककेस सुमारे १०० अंश सेल्सियसपर्यंत सर्व बाजूंनी सारखी तापवतात. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावत असल्याने बेअरिंग सैल होऊन हलक्या दाबाने निघते. एकाच जागी ज्योत धरल्यास ओतकाम वाकते.

स्वच्छता व मोजमाप

भाग रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुतात. पेट्रोल वापरणे धोक्याचे असते, कारण त्याची वाफ खोलीच्या तापमानालाही पेट घेते. पिस्टनच्या माथ्यावरील काजळी लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीने खरवडतात. तेलाचे मार्ग सुईसारख्या तारेने मोकळे करून दाबाच्या हवेने फुंकतात. बाहेरून वाळूचा मारा करून चकाकवलेल्या क्रँककेसच्या तेलमार्गांत वाळूचे कण उरले, तर नवी बेअरिंगे अल्पावधीत नष्ट होतात. म्हणून अनेक जाणकार हा उपाय टाळतात.

सिलिंडरची झीज सर्वत्र सारखी नसते. पिस्टनच्या वरच्या रिंगेची धाव जेथे संपते, त्याच्या लगेच खाली ती सर्वाधिक असते आणि रिंग पोहोचत नाही अशा अगदी तळाशी जवळजवळ नसते. त्यामुळे तळाचे माप हेच सिलिंडरचे मूळ माप समजता येते. वर, मध्ये व खाली, आणि प्रत्येक पातळीवर एकमेकांशी काटकोनात अशी किमान सहा मापे घेतात. उभ्या मापांतील फरकास निमुळतेपणा आणि आडव्या मापांतील फरकास लंबगोलपणा म्हणतात. हे फरक पुस्तिकेतील मर्यादेबाहेर गेल्यास सिलिंडर मोठ्या मापाला बोअर करून त्यास जुळणारा मोठा पिस्टन बसवतात.

ब्रिटिश पद्धतीच्या इंजिनांसाठी मोठे पिस्टन ०.०२० इंच, ०.०४० इंच अशा टप्प्यांत मिळतात. पहिला टप्पा म्हणजे सुमारे अर्धा मि.मी. वाढ. अंतर्व्यास ७० ऐवजी ७०.५ मि.मी. झाल्यावर आकारमान ३४६ वरून केवळ ३५१ घन सें.मी. होते. बोअर केल्याने शक्ती वाढते हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. या उपायाचा हेतू फक्त गोलाई परत मिळवणे हा असतो. नवा पिस्टन आधी आणून, त्याचे प्रत्यक्ष माप घेऊन मगच सिलिंडर बोअर करण्यास देतात. डब्यावर छापलेले माप आणि पिस्टनचे खरे माप यांत फरक असू शकतो.

रिंगेच्या दोन टोकांमधील फट हे नवशिक्याने स्वतः तपासावयाचे महत्त्वाचे माप आहे. रिंग सिलिंडरमध्ये घालून पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकलतात व फीलर गेजने फट मोजतात. ७० मि.मी. व्यासाच्या ओतीव लोखंडी रिंगेसाठी ही फट सुमारे ०.२८ ते ०.३८ मि.मी. असावी लागते. यामागील कारण साधे गणित करून कळते. अशा रिंगेचा परीघ सुमारे २२० मि.मी. असतो. रिंग सिलिंडरच्या भिंतीपेक्षा १०० अंशांनी अधिक तापली असे मानल्यास लोखंडाच्या प्रसरणाने तिची लांबी जवळपास ०.२४ मि.मी. वाढते. फट याहून कमी असेल, तर टोके एकमेकांवर दाबली जाऊन रिंग तुटते किंवा सिलिंडर ओरबाडते. फट कमी असल्यास टोके बारीक कानशीने घासून ती वाढवतात.

पिस्टन व सिलिंडर यांमधील मोकळीकही याच तत्त्वावर ठरते. ॲल्युमिनियमचा पिस्टन लोखंडी सिलिंडरपेक्षा बराच अधिक प्रसरण पावतो. 'घट्ट बसवला म्हणजे जास्त टिकेल' या समजुतीने मोकळीक कमी ठेवली, तर पहिल्याच लांबच्या प्रवासात पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटतो.

घरी करावयाची आणि कारखान्यात द्यावयाची कामे

इंजिन सुटे करणे, धुणे, मापणे, व्हॉल्व्ह घासून बसवणे, रिंगा चढवणे, जुळणी आणि प्रज्वलनाची वेळ साधणे ही कामे घरी करता येतात. सिलिंडर बोअर करणे, व्हॉल्व्हचे नवे गाइड बसवून बैठक कापणे, तुटलेले ओतकाम जोडणे आणि क्रँक पुन्हा जुळवणे यांसाठी मात्र यंत्रशाळा लागते. या इंजिनाचा क्रँक दोन जड चाके व त्यांना जोडणारी क्रँक-पिन यांचा मिळून बनतो. मोठ्या टोकाचे बेअरिंग बदलण्यासाठी तो उघडावा लागतो आणि पुन्हा जोडताना दोन्ही बाजूंचे शाफ्ट एका रेषेत आहेत याची डायल गेजने खात्री करावी लागते. हे काम अंदाजाने केल्यास इंजिन कंप पावते व नवी बेअरिंगे लवकर खराब होतात.

महाराष्ट्रात या कामासाठी जुनी यंत्रपरंपरा उपलब्ध आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या वसाहतींत शेतीची ऑइल इंजिने, पंप व त्यांचे सुटे भाग यांवर काम करणाऱ्या यंत्रशाळा वाढल्या. सिलिंडर बोअर करण्याचे तत्त्व शेतातील इंजिनास व मोटरसायकलीस सारखेच लागू पडते. सुट्या भागांसाठी पुण्यातील नाना पेठ आणि मुंबईतील चोर बाजार ही ठिकाणे परिचित आहेत. बाजारात मूळ व नकली असे दोन्ही प्रकारचे भाग मिळतात. म्हणून खरेदी केलेला प्रत्येक भाग जुन्या भागाशेजारी ठेवून मोजणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो. त्यासाठी जुने भाग काम संपेपर्यंत टाकून देऊ नयेत.

व्हॉल्व्ह व तेलपंप

व्हॉल्व्ह व त्याची बैठक यांमध्ये घासपेस्ट लावून व्हॉल्व्ह उलटसुलट फिरवतात. दोन्हींवर एकसारखे, अखंड व करड्या रंगाचे वलय दिसू लागले की घासणे थांबवतात. पेस्टचा कणही उरू न देता भाग धुऊन व्हॉल्व्ह बसवतात आणि हेड उलटे ठेवून ज्वलन-कक्षात रॉकेल ओततात. काही मिनिटांत मार्गातून रॉकेल झिरपले नाही, तर व्हॉल्व्ह घट्ट बसला असे समजतात.

भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली. शिशाचा थर व्हॉल्व्हच्या बैठकीचे काही प्रमाणात रक्षण करीत असे. त्यामुळे लोखंडातच थेट बैठक कापलेल्या फार जुन्या हेडमध्ये कठीण धातूची बैठक बसवण्याचा विचार केला जातो. अलीकडे इथेनॉलचे प्रमाण २० टक्के असलेले पेट्रोल सर्वत्र मिळू लागल्याने कार्बोरेटरमधील रबरी भाग व इंधननळ्याही इथेनॉल सहन करणाऱ्या पदार्थाच्या घेणे इष्ट ठरते. इथेनॉल ओलावा शोषतो. म्हणून गाडी दीर्घकाळ उभी करताना कार्बोरेटर रिकामा करतात.

तेलपंपाच्या चकत्या सपाट नसतील, तर तेल फटीतून परत जाते. या चकत्या काचेवर बारीक पेस्ट पसरून घासल्यास पुन्हा सपाट होतात. कामाला पैसा जवळजवळ लागत नाही, परंतु इंजिनाचे पुढील आयुष्य त्यावर अवलंबून असते.

जुळणी

जुळणी सुटे करण्याच्या उलट क्रमाने होते. प्रत्येक फिरत्या भागास स्वच्छ इंजिन ऑइल लावतात, कारण सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांत पंपाचे तेल तेथे पोहोचलेले नसते. गॅस्केट नेहमी नवी वापरतात. चिकट लेप अत्यल्प लावतात, कारण आत पिळून निघालेला लेप तुटून तेलाचा मार्ग बंद करू शकतो. पिस्टन-पिन अडवणाऱ्या वळ्या एकदा काढल्या की पुन्हा वापरत नाहीत. तीन रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ नयेत म्हणून त्या परस्परांपासून सुमारे १२० अंशांवर ठेवतात.

टायमिंग चक्रांवरील खुणा एकमेकींसमोर आणणे ही जुळणीतील निर्णायक पायरी होय. एक दात चुकला तरी व्हॉल्व्ह अयोग्य वेळी उघडतो आणि इंजिन सुरू होत नाही किंवा व्हॉल्व्हचे नुकसान होते. झाकण लावण्याआधी इंजिन हाताने निदान दोन पूर्ण फेरे फिरवून कोठे अडत नाही ना, हे पाहतात.

हेडचे नट कर्णरेषेत व टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने पुस्तिकेतील मूल्यापर्यंत आवळतात. त्यानंतर टॅपेट जुळवतात. बुलेटमध्ये ही जुळवणी सिलिंडरच्या तळाजवळील लहान झाकणामागे होते. इंजिन थंड असताना व दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पुशरॉड वर-खाली हलता कामा नये, पण बोटांनी सहज फिरला पाहिजे. इंजिन तापल्यावर सिलिंडर व हेड यांची उंची पुशरॉडपेक्षा अधिक वाढते आणि आवश्यक फट आपोआप तयार होते.

काँटॅक्ट ब्रेकरची फट सुमारे ०.३५ ते ०.४० मि.मी. ठेवतात. प्रज्वलनाची वेळ साधताना ब्रेकरच्या टोकांमध्ये अतिशय पातळ कागद धरतात. क्रँक हळू फिरवताना कागद ज्या क्षणी सुटतो, तोच टोके उघडण्याचा क्षण. त्या वेळी पिस्टन पुस्तिकेत दिलेल्या स्थानी असावा लागतो.

पहिला आरंभ व चालवणी

पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी प्लग काढून इंजिन किकने अनेक वेळा फिरवतात, म्हणजे पंप भरतो. सुरू झाल्यावर सर्वप्रथम तेल पाहतात. हेडकडे जाणाऱ्या तेलनळीचा सांधा किंचित सैल केला असता तेथून तेल आले पाहिजे. न आल्यास इंजिन तत्काळ बंद करतात. ही चाचणी उघड्यावर करावी लागते. बंद खोलीत इंजिन चालवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्यास वास नसतो आणि तो प्राणघातक असतो.

इंजिन एकदा पूर्ण तापून थंड झाल्यावर हेडचे नट व टॅपेट पुन्हा तपासतात. त्यानंतर पहिले सुमारे ८०० किलोमीटर सौम्य चालवणीचे मानले जातात. या काळात दीर्घकाळ पूर्ण वेग टाळतात, त्याचबरोबर वरच्या गिअरमध्ये अगदी हळू, इंजिन धापा टाकेल असे चालवणेही टाळतात. वेग सतत थोडा कमी-अधिक केल्याने रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी नीट बसतात. पहिले तेल लवकर बदलतात, कारण नव्या भागांच्या घर्षणातून निघालेले कण त्यात जमा झालेले असतात.

सुरक्षितता व पर्यावरण

जुन्या गॅस्केटांत व क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ती कोरडी घासून किंवा फुंकर मारून साफ करीत नाहीत, तर ओली करून काढतात. स्प्रिंगा सोडताना डोळ्यांवर चष्मा आवश्यक असतो. वापरलेले इंजिन ऑइल भारतातील नियमांनुसार घातक कचरा गणले जाते. ते गटारात किंवा जमिनीवर न ओतता ते गोळा करणाऱ्या अधिकृत व्यवस्थेकडे देणे अपेक्षित असते.

कायदेशीर बाबी व मौलिकता

इंजिनाचा क्रमांक क्रँककेसवर कोरलेला असतो आणि नोंदणीपत्रात त्याची नोंद असते. पिस्टन, रिंगा, बेअरिंगे किंवा व्हॉल्व्ह मूळ प्रकारचेच बदलल्याने हा क्रमांक बदलत नाही. संपूर्ण क्रँककेस किंवा इंजिन बदलल्यास मात्र परिवहन कार्यालयाच्या परवानगीचा व नोंदणीपत्रातील बदलाचा प्रश्न उद्भवतो. म्हणून साफसफाईत क्रमांकाचा भाग घासला जाणार नाही याची विशेष काळजी घेतात.

२०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज वाहनांच्या नोंदणी क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये ठेवण्यात आले. अशा वाहनाने मूळ रूप राखलेले असावे आणि त्याच्या सांगाड्यात, बाह्यांगात किंवा इंजिनात मोठे फेरबदल झालेले नसावेत, अशी अट आहे. त्यामुळे पुनर्बांधणी आणि फेरबदल यांतील सीमा केवळ आवडीचा विषय राहत नाही. अधिक शक्तीसाठी हेड कापणे किंवा आधुनिक कार्बोरेटर बसवण्यासाठी मूळ ओतकाम घासणे यांसारखे बदल परत फिरवता येत नाहीत.

संग्राहकांमध्ये याविषयी दोन मते आढळतात. काहींच्या मते वाहन कारखान्यातून निघाले त्या स्थितीत, नव्यासारखे करावे. इतरांच्या मते वापराच्या खुणा हा वाहनाच्या इतिहासाचा भाग असून चालण्यास आवश्यक तेवढीच दुरुस्ती करावी. दोन्ही बाजू एका गोष्टीवर सहमत असतात: केलेल्या कामाची लेखी नोंद ठेवावी. कोणत्या तारखेस सिलिंडर कोणत्या मापाला बोअर केला, कोणते भाग बदलले आणि प्रत्येक माप किती होते हे लिहिलेली वही गाडीसोबत राहिल्यास पुढील मालकास किंवा मिस्त्रीस तेच इंजिन पुन्हा अंदाजाने उघडावे लागत नाही. या इंजिनांवर आयुष्यभर काम केलेल्या मिस्त्रींचे बरेचसे ज्ञान अलिखित आहे. ते टिकवण्याचा एक मार्ग म्हणूनही अशा नोंदींकडे पाहिले जाते.